चाव्याची नोंद: पशुसंवर्धन आयुक्तांस अनावृत पत्र

मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे
यांच्या सेवेशी



आपल्या खात्याच्या दप्तरात जनावरांच्या रोगांना, लसीकरणाला आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेला रकाने आहेत. माणसाला कुत्रा चावला तर त्याची नोंद सरकारी रुग्णालयात होते. शेळी, मेंढी किंवा वासरू बिबट्याने नेले तर वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो व भरपाईची तजवीज होते. परंतु घरात लेकरासारखे वाढलेल्या एखाद्या लहानशा कुत्र्यावर दुसऱ्या कुत्र्याने झडप घालून त्याला फाडले, तर ती घटना कोठे लिहावी, कोणाला सांगावी आणि तिच्यानंतर त्या घराने काय करावे, हे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी एकालाही ठामपणे सांगता आले नाही. ज्या घटनेला दप्तर नाही तिला उपायही नसतो, आणि म्हणूनच हे पत्र मी कोणा एका शेजाऱ्याविरुद्धची फिर्याद म्हणून नव्हे, तर एक दरखास्त म्हणून आपणांपुढे जाहीरपणे ठेवीत आहे.

आमचे शिरूर घोड नदीच्या काठी, पुणे-नगर रस्त्यावर वसलेले आहे; पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. इंग्रजी अमदानीत येथे फौजेची छावणी होती, आणि जुनी माणसे गावाला अद्याप घोडनदी असेच म्हणतात. गेल्या काही दशकांत या मुलखाचे रूप दोन अंगांनी पालटले. चासकमानच्या कालव्याने आणि घोड-कुकडीच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढले, उसात बिबट्या राहू लागला, आणि मळ्यातल्या वस्त्यांवर दांडग्या, उंच हाडाच्या राखणदार कुत्र्यांची गरज निर्माण झाली. दुसरीकडे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे नोकरदारांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्या घरांतून पॉमेरेनियन, पग, शिह त्झू अशा मांडीवर मावणाऱ्या जाती आल्या. या दोन्ही प्रकारचे प्राणी सकाळ-संध्याकाळ ज्या रस्त्यावर एकमेकांस भेटतात तो रस्ता म्हणजे गावाची वेस, जेथे शेवटची इमारत संपते आणि पहिला मळा सुरू होतो. तेथे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्याही असतात. दौंडकडेही, भीमेच्या काठी आणि जंक्शनाभोवती वाढलेल्या वसाहतींत, मला हेच चित्र दिसले.

आमच्या घरी ठकी नावाची पांढरी पॉमेरेनियन कुत्री आहे; ती माझी म्हणण्यापेक्षा माझ्या नातीची आहे, कारण तिच्या जेवणाची वेळ, तिचा पट्टा आणि तिचे रुसवे-फुगवे हे सर्व खाते त्या मुलीकडेच आहे. एके दिवशी कातरवेळी, याच वेशीवरच्या रस्त्यावर, साखळीचा आकडा उपटून धावत आलेल्या मळ्यातल्या एका राखणदार कुत्र्याने तिला मानेमागे धरले, उचलले आणि दोन-तीन वेळा जोराने झटकले. आरडाओरडा झाला, समोरच्या घरातून कोणीतरी पाण्याची बादली आणून त्या कुत्र्याच्या तोंडावर ओतली, तेव्हा त्याने पकड सोडली. नवल असे की रक्त फारसे आले नव्हते. ठकी आपल्या पायांवर उभी राहिली, अंग झटकून चार पावले चाललीही, आणि जमलेल्या मंडळींनी एकमुखाने सांगितले की थोडक्यात निभावले, घरी नेऊन हळद भरा.

आम्ही तरीही तिला दवाखान्यात नेले. तेथे पशुवैद्यांनी मानेवरचे व कुशीवरचे केस भादरले तेव्हा तुरीच्या दाण्याएवढी चार भोके दिसली आणि त्यांच्या भोवती हाताच्या पंजाएवढे निळे-काळे पडलेले कातडे. त्यांनी निर्जंतुक सळई एका भोकात घातली. ती सरळ आत न जाता कातड्याखालून आडवी सरकत गेली, कारण कातडे आणि स्नायू यांच्यामध्ये मोठी पोकळी पडली होती. हे कसे होते ते त्या सज्जन गृहस्थांनी काम करता करता समजावून सांगितले आणि ते मी येथे मुद्दाम लिहितो, कारण ज्या घरांत लहान कुत्रे आहे त्या प्रत्येक घराला ते ठाऊक असले पाहिजे. कुत्र्याचे कातडे सैल असते, म्हणून सुळा आत शिरल्यावर जेव्हा मोठा कुत्रा लहान कुत्र्याला झटकतो तेव्हा कातडे सुळ्याबरोबर सरकते आणि वाचते, पण त्याखालचे स्नायू, रक्तवाहिन्या, कधी फासळ्या आणि फुप्फुसाचे आवरण, कधी पोटाची भिंत ही सारी आतल्या आत फाटतात; वर दिसणारी जखम म्हणजे खऱ्या इजेचा अगदी लहान अंश असतो. तोंडातले जंतू त्या बंद पोकळीत कोंडले जातात, हळदीने किंवा मलमाने वरचे भोक बुजले की आत पू धरतो, आणि पहिल्या संध्याकाळी चालत घरी आलेले जनावर एकदोन दिवसांत धापा टाकीत मरते. म्हणूनच जखम कितीही किरकोळ दिसो, त्याच रात्री दवाखाना गाठणे, हिरड्या पांढऱ्या पडत आहेत का व श्वास उथळ होत आहे का यावर लक्ष ठेवणे, आणि उचलताना स्वच्छ कापडात गुंडाळून तोंडाला सैलसा फडका बांधणे, कारण वेदनेने कासावीस झालेले जनावर धन्याच्याही हाताला चावते, या साध्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो. झुंज सुरू असताना मध्ये हात घालू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पाणी, घोंगडी, भांड्यांचा आवाज, काहीही चालेल, हात नको.

ठकीच्या कुशीत पू वाहून जाण्यासाठी रबरी नळी बसवली, टाके घातले, आणि रेबीजची लस दर वर्षी दिलेली असूनही ती पुन्हा दिली. जखम आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, लसीकरण झालेले असले तरी पुन्हा टोचून घ्यावे, झालेले नसेल तर पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्या दिवशी न चुकता घ्याव्यात, आणि चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे, हा क्रम आहे. लाळेने माखलेल्या केसांवर हात फिरवणाऱ्या घरच्या माणसांनीही आपले हात धुवावेत, आणि हातावर ओरखडा किंवा चीर असल्यास आपल्यासाठी डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

येथवरचे सारे काम वैद्यकाचे होते, आणि वैद्यकाने ते उत्तम केले. त्यानंतर जे सुरू झाले त्यासाठी मात्र कोणाकडे औषधाची चिठ्ठी नव्हती. टाके सुकले, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा फनेल निघाला, तरी ठकी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना. रस्त्यावरून गुरे जाताना साखळीचा आवाज झाला की ती पलंगाखाली जाऊन थरथरत बसे. शिकवलेली सवय मोडून घरातच लघवी करू लागली. वाटी पुढे ठेवली तर आम्ही खोलीत असेपर्यंत तोंड लावीत नसे. आणि तिच्याइतकीच माझी नातही दुखावली होती. ती रात्री दूरवर कुत्रे भुंकले की उठून बसे आणि एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारी, की मी पट्टा आणखी आखूड धरला असता तर? हा प्रश्न, आयुक्तसाहेब, अशा प्रसंगातून गेलेले प्रत्येक घर विचारते, आणि त्याचे उत्तर मुलांना स्पष्ट शब्दांत देणे हे मोठ्यांचे पहिले कर्तव्य आहे असे माझे मत झाले आहे: आखूड पट्ट्याने चाळीस किलोचा कुत्रा थांबत नाही, चूक सैल आकड्याची होती, तुझी नव्हती. हे एकदा सांगून भागत नाही. मूल जितक्यांदा विचारील तितक्यांदा, त्याच शांतपणे, सांगावे लागते.

ठकीच्या बाबतीत आम्हांला जे उमगले ते असे, की भ्यालेल्या जनावराला धीर देण्याच्या उत्साहात त्याला सारखे उचलून घेणे, ओढून बाहेर नेणे, किंवा ‘काही नाही, काही नाही’ म्हणत त्याच्याभोवती गर्दी करणे, यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. उपयोग होतो तो ठरलेल्या दिनक्रमाचा आणि अंतराचा. नात दुपारी पलंगाच्या बाजूला फरशीवर, ठकीकडे पाठ करून, आपले पुस्तक वाचीत पडून राही आणि हाताशी भाकरीचा तुकडा ठेवी. तुकडा केव्हा गेला ते ती वळून पाहत नसे. पुढे पुढे दार उघडे ठेवले, आणि बाहेर जायचे की नाही ते ठकीवर सोपवले. ती प्रथम ओट्यापर्यंत आली, मग फाटकापर्यंत. शेजारी एक म्हातारा, शांत, दात पडलेला गावठी कुत्रा आहे. त्याला रस्त्याच्या पलीकडच्या कडेने आणि ठकीला अलीकडच्या कडेने चालवू लागलो, आणि हळूहळू ते अंतर कमी केले. फिरण्याचा रस्ता बदलला, वेळ बदलली, वेशीचे टोक टाळले. आजही मोठा कुत्रा समोर आला की ती पायांत घुटमळते, आणि कदाचित जन्मभर घुटमळेल. जुनी ठकी परत आणण्याचा हट्ट सोडून आता जी आहे तिच्यासाठी घर कसे सोयीचे करावे एवढाच विचार आम्ही करतो.

ज्यांचे कुत्रे वाचत नाही त्यांचे ओझे याहून अवघड. समाज अशा वेळी ‘कुत्रंच तर होतं, दुसरं आणा’ एवढेच बोलतो, आणि ते बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो हे मला मान्य आहे. परंतु ऐकणाऱ्याला त्यातून असे कळते की आपण रडणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, आणि मग तो दार लावून रडतो. अशा घरी जाऊन दुसऱ्या पिल्लाची गोष्ट काढण्याऐवजी त्या कुत्र्याची एखादी आठवण विचारावी. शिवाय एक अगदी व्यावहारिक अडचण त्या रात्रीच पुढे उभी राहते: मळा असलेला माणूस बांधावर खोल खड्डा खणून जनावर पुरतो, पण तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कामगाराने ते कोठे न्यावे? उकिरड्यावर टाकावे लागलेला प्राणी त्या कुटुंबाच्या मनातून कधी जात नाही.

आणि या दुःखाला शोकाखेरीज दुसरीही एक वाट फुटते, ती संतापाची. जखमी कुत्रे कुशीत घेऊन आलेला माणूस पहिल्या रात्री जे बोलतो त्यात विषाचा उल्लेख असतो. पिठाच्या गोळ्यात औषध घालून ठेवायचे आणि टोळीच संपवायची. मी हे वेगवेगळ्या घरांतून ऐकले आहे. त्या सर्वांना मला कळकळीने सांगायचे आहे की विष गुन्हेगार कुत्रा निवडत नाही. ते पोर, शेळी, कावळा, मुंगूस आणि शेजाऱ्याचे निरपराध जनावर यांनाही जाते, आणि भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाप्रमाणे जनावराला विष घालून मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्या मळेकऱ्याच्या कुत्र्याने ठकीला धरले तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आमच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. बिबट्याच्या भीतीने रात्री कुत्रा मोकळा ठेवावा लागतो आणि दिवसा आखूड साखळीला बांधावा लागतो, हे त्याने खाली मान घालून सांगितले. सबंध दिवस हातभर साखळीला जखडलेले, माणसांची व इतर जनावरांची संगत न लाभलेले कुत्रे सुटल्यावर काय करील याचा दोष मी त्या कुत्र्याला देऊ शकलो नाही, आणि त्या माणसाला पूर्णपणे देणेही मला जड गेले. कायद्यालाही या प्रसंगाविषयी फारसे सांगायचे नाही: संहितेचे २९१वे कलम निष्काळजी मालकाला शासन सांगते, पण ते माणसाच्या जिवाला धोका अथवा जबर दुखापत संभवत असेल तेव्हा. कुत्र्याने कुत्र्याला फाडले तर जखमी कुत्र्याच्या मालकाचा भरपाई मागण्याचा मार्ग दिवाणी दाव्याच्या दीर्घ वाटेने जातो, आणि त्या वाटेने कोणी जात नाही.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःला सर्वांत जड वाटतो. आमच्याच तालुक्यातील पिंपरखेड येथे २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले, लोकांच्या संतापाचा स्फोट झाला आणि वनखात्याचे वाहन जाळले गेले. ज्या मातीत आईबापांनी पोटची मुले गमावली तेथे एका पॉमेरेनियनच्या टाक्यांसाठी आयुक्तांना पत्र लिहावे काय? मी या प्रश्नापुढे बराच काळ थांबलो. दोन दुःखांची बरोबरी मी करीत नाही, करणार नाही. परंतु हे दोन प्रश्न एकाच साखळीत गुंतलेले आहेत हे मात्र आपणासारख्या जाणकारास सांगावयास नको. शेजारच्या जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहाराचा सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला. एवढा वाटा दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचा नव्हता. ज्या वस्तीत उघडा कचरा आहे तेथे मोकाट कुत्रे आहेत, आणि ज्या वस्तीत मोकाट कुत्रे आहेत तेथे बिबट्याला येण्याचे कारण आहे. बिबट्या येतो म्हणून शेतकरी दांडगा कुत्रा पाळतो, तो कुत्रा आखूड साखळीला रागीट होतो, आणि सुटला की वेशीवरच्या लहान जनावराला धरतो. ठकीच्या मानेवरची भोके या साखळीची एक कडी आहेत. कडी नोंदवली तर साखळी दिसेल.

माणूस आणि कुत्रा यांच्या नात्याला राजदरबारी मान देण्याची रीत आपल्या मुलखाला परकी नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याने वाघाच्या तावडीतून महाराजांचा जीव वाचवला असे सांगतात. त्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला आणि संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी आजही दाखवली जाते. मी जहागीर मागत नाही. मी वहीतील एक ओळ मागतो.

ती ओळ मागण्याचे सार्वजनिक कारण असे. २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या अधिनियमात रेबीज हा अनुसूचित रोग आहे आणि रोगाचा संशय आल्यास कळवण्याचे बंधन मालकावर आहे; २०३०पर्यंत कुत्र्यांपासून माणसाला होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१च्या सप्टेंबरात जाहीर झाला आहे. पण रोगाचा संशय येईपर्यंत उशीर झालेला असतो. गावात पिसाळलेले कुत्रे शिरले तर ते माणसाला गाठण्यापूर्वी वाटेतल्या कुत्र्यांना, शेळ्यांना, वासरांना चावत येते, आणि त्या चाव्यांची नोंद त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात झाली तर शाळेच्या वाटेवरच्या मुलांसाठी काही दिवसांची सवड मिळते. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने २०२५च्या ऑगस्टात व नोव्हेंबरात त्याविषयी सविस्तर आदेश दिले. आणि त्या निमित्ताने सबंध देशात कुत्र्यांना हाकला म्हणणारे आणि खाऊ घाला म्हणणारे असे दोन पक्ष पडून जे भांडण झाले त्यात मला शिरावयाचे नाही. एवढेच म्हणतो, की कोणत्या गल्लीत प्रथम निर्बीजीकरण करावे हे ठरवण्यासाठी दोन्ही पक्षांना चाव्यांचा नकाशा लागेल, आणि तो नकाशा नोंदीवाचून निघणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि तालुक्याच्या सर्वचिकित्सालयात प्राण्याला प्राणी चावल्याची एक वही असावी. तारीख, जागा, चावणारा कुत्रा पाळीव की मोकाट, लसीकरण झालेले की नाही, आणि जखमी प्राण्याचे पुढे काय झाले, इतके तीत लिहावे, आणि खाजगी पशुवैद्यांनाही ती माहिती कळवण्याची सोय असावी. महिन्याच्या अखेरीस तिची एक प्रत नगरपरिषदेस वा ग्रामपंचायतीस आणि एक आरोग्यखात्यास जावी. ज्या मालकाचा कुत्रा एकदा चावला आहे त्याला शिक्षेपूर्वी सल्ला मिळावा: साखळीची लांबी, तोंडाची जाळी, कुंपणाची उंची, निर्बीजीकरण, आणि दुसऱ्यांदा तसेच घडले तर त्याच वहीच्या आधारे कारवाई व्हावी. १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांना लहान प्राण्यांच्या चाव्याच्या जखमांचे प्रथमोपचार साहित्य द्यावे. शहरांलगत मृत प्राण्यांसाठी एक कुंपण घातलेली जागा राखून ठेवण्याबद्दल आपण स्थानिक संस्थांना लिहावे. आणि दवाखान्याच्या भिंतीवर साध्या मराठीत एक पान लावावे, ज्यात जखम कशी धुवावी, हळद का भरू नये, लस केव्हा घ्यावी हे असेल, आणि त्याखाली दोन ओळी अशाही असतील की भ्यालेले जनावर आठवडाभरात पूर्ववत होत नाही, त्याला ओढू नका. आणि घरातल्या मुलाला सांगा की चूक त्याची नव्हती.

अशी वही प्रयोगादाखल शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत प्रथम सुरू करावयाची झाल्यास, जुन्या घटनांची माहिती घरोघर फिरून जमवण्याचे काम मी व माझ्यासारखे काही निवृत्त लोक विनावेतन करण्यास तयार आहोत. त्याबाबत आपला हुकूम व्हावा, ही विनंती.



आपला नम्र,
शिरूर येथील एक श्वानपालक